दीडशे शब्दांचा प्रश्न

डिचोली तालुक्यातील एका उच्च माध्यमिक विद्यालयात मी अकरा वर्षे राज्यशास्त्र शिकवते आहे. लोकसभेचे सदस्य ५४३, राज्यसभेचे २४५, गोवा विधानसभेचे ४० हे आकडे माझे विद्यार्थी झोपेतही सांगतील. असे असूनही, गेल्या वर्षी जूनमध्ये मी वर्गात सहज विचारले की सभागृहात दिवसभर नेमके काय चालत असेल, तेव्हा मागच्या बाकावरून उत्तर आले, "टीचर, झगडटात." सगळा वर्ग हसला आणि मीही हसले. घरी जाताना मात्र जाणवले की भ्रमणध्वनीवर वीस-तीस सेकंदांची जी गोंधळाची दृश्ये फिरतात, त्यापलीकडचे काही मी या मुलांना कधी दाखवलेच नव्हते. त्यातून एक उपक्रम ठरला: आधी पर्वरीला जाऊन विधानसभेचे कामकाज प्रत्यक्ष पाहायचे, मग शाळेत युवा संसद भरवायची आणि शेवटी आपल्याच गावच्या ग्रामसभेत जाऊन बसायचे. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत ते चालले. कोणी शिक्षक किंवा पालक असेच काही करू पाहत असतील, तर त्यांना उपयोग व्हावा म्हणून अडखळलेल्या जागांसह सारे लिहिते आहे.

प्राचार्यांची परवानगी एका बैठकीत मिळाली. पालकांची मिळायला दोन आठवडे लागले. २२ जूनच्या पालकसभेत एका वडिलांनी उभे राहून शांतपणे सांगितले, "मॅडम, मुलांना शिकवा, पण राजकारणात ओढू नका." छोट्या गावात प्रत्येक घराचे कोणाशी ना कोणाशी लागेबांधे असतात आणि शिक्षिकेच्या तोंडून निघालेला एखादा शब्द संध्याकाळपर्यंत तिन्ही वाड्यांवर पोहोचतो, त्यामुळे त्यांची भीती मला अनाठायी वाटली नाही. मी तिथेच एक नियम जाहीर केला की या उपक्रमात कोणत्याही पक्षाचे आणि विद्यमान नेत्याचे नाव वर्गात घेतले जाणार नाही, आणि तो नियम संमतिपत्रावर छापून घेतला. पुढे तो पाळताना माझीच तारांबळ उडाली. ते ओघात येईल. अकरावी-बारावीचे मिळून छत्तीस विद्यार्थी तयार झाले.

२४ जूनला शाळेच्या लेटरहेडवर प्रेक्षक गॅलरीच्या प्रवेशिकांसाठी विधिमंडळ सचिवालयाच्या नावे अर्ज केला. पावसाळी अधिवेशन जुलैत होते, म्हणून इतका अवधी पुरेल असे मला वाटले होते. आठ दिवसांनी दूरध्वनी करून चौकशी केली, तेव्हा लक्षात आले की विद्यार्थ्यांची यादी मी जोडली होती, पण ओळखपत्रांच्या प्रती माझ्याच टेबलाच्या खणात राहिल्या होत्या. चूक सर्वस्वी माझी होती. ३ जुलैला प्रती घेऊन मी स्वतः पर्वरीला गेले, पोच घेतली आणि १२ जुलैला शुक्रवार, २६ जुलै ही तारीख मिळाली. अशा अर्जात एकच तारीख न मागता तीन पर्यायी तारखा द्याव्यात, सोबतच्या शिक्षकांची नावेही यादीत घालावीत, आणि ओळखपत्रावरील नाव व यादीतील नाव अक्षरशः जुळते आहे ना, हे एकदा पाहून घ्यावे. गोव्यात एकाच मुलाचे नाव शाळेत एका स्पेलिंगने आणि आधार कार्डावर दुसऱ्या स्पेलिंगने असणे काही नवीन नाही.

वाट पाहण्याचे ते तीन आठवडे वाया जाऊ नयेत म्हणून मी प्रश्नोत्तराच्या तासाची तयारी सुरू केली, आणि आज मागे वळून पाहताना सगळ्या उपक्रमाचा गाभा तोच होता असे वाटते. लोकसभेत रोज २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न कामकाजात घेतले जातात. तारांकिताला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतात, अतारांकिताचे उत्तर लेखी मिळते. प्रश्नाची सूचना किमान पूर्ण १५ दिवस आधी द्यावी लागते. इथवर पाठ्यपुस्तकासारखेच होते, त्यामुळे मुले जांभया देत होती. मग मी लोकसभेच्या कामकाज नियमांतील ४१वा नियम फळ्यावर लिहिला. प्रश्न साधारणपणे १५० शब्दांपेक्षा मोठा नसावा. त्यात युक्तिवाद, अनुमान, उपरोध, दोषारोप, विशेषणबाजी किंवा बदनामीकारक विधान नसावे. मत विचारू नये. काल्पनिक परिस्थितीवर तोडगा मागू नये. "उपरोध पण नाही?" एका मुलीने अविश्वासाने विचारले. ज्या मुलांनी संसद म्हणजे टोमणे अशी समजूत करून घेतली होती, त्यांना हा नियम चेष्टेसारखा वाटला.

प्रत्येकाने आपल्या गावाविषयी एक प्रश्न लिहून आणायचा, असे ठरले. शाळेपासून थोड्या अंतरावरच्या वाड्यातून येणाऱ्या एका मुलाने लिहिले होते: "आमच्या बसथांब्यावर छप्पर नाही, आम्ही रोज भिजतो, मंत्री गाडीतून फिरतात म्हणून त्यांना कळत नाही का? मुलांची काळजी कोणालाच नाही का?" वाचून वर्गाने टाळ्या वाजवल्या. त्यानंतर आम्ही ४१व्या नियमाची चाळणी लावली. गाडीतून फिरण्याचे वाक्य उपरोधात गेले, काळजीचे वाक्य दोषारोपात गेले, आणि हाती उरले ते एवढेच की थांब्यावर छप्पर नाही. मुलगा हिरमुसला. महाराष्ट्र विधानमंडळाच्या प्रश्नोत्तरांच्या यादीत प्रश्न ज्या साच्यात छापले जातात, तो मी त्याला दाखवला, आणि दोन दिवसांनी तो हे घेऊन आला: "(१) अमुक वाड्यावरील बसथांब्यास निवारा नाही, हे खरे आहे काय, (२) असल्यास, या थांब्यावरून शाळेत जाणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या किती आहे, (३) निवारा बांधण्याचा प्रस्ताव आहे काय, असल्यास तो कोणत्या टप्प्यावर आहे व त्यासाठी किती तरतूद केली आहे, (४) नसल्यास, त्याची कारणे काय आहेत?" मोठ्याने वाचताना त्याचे त्यालाच जाणवले की आधी लिहिलेल्या प्रश्नाला "आम्हाला काळजी आहे" एवढे उत्तर देऊन कोणीही सुटला असता, या नव्यातून सुटायला जागा नाही. मी काही समजावून सांगण्याची गरज उरली नाही. गोव्यात ज्याला सगळे एलएक्यू म्हणतात, ते विधानसभेतले प्रश्न आणि त्यांची उत्तरे विधानसभेच्या संकेतस्थळावर वाचता येतात. त्यातले दहा-बारा छापून घेऊन वर्गात वाटावेत. प्रश्न आणि उत्तर शेजारी ठेवून वाचले की कुठल्या शब्दामुळे मंत्र्यांना पळवाट मिळाली, हे अकरावीच्या मुलालाही बोट ठेवून दाखवता येते.

२६ जुलैला सकाळी आठ वाजता आम्ही निघालो. मिनीबसचे भाडे सात हजार रुपये होते. प्रत्येक विद्यार्थ्याकडून अडीचशे रुपये घेतले होते, आणि चार जणांची वर्गणी शिक्षकांनी गुपचूप भरली. अस्नोडा, म्हापसा, गिरी असा मार्ग, पाऊस मुसळधार, आणि पर्वरीजवळ महामार्गावर वाहनांची रांग. साडेअकराला प्रश्नोत्तराचा तास सुरू होतो, त्यामुळे साडेदहाच्या आत फाटकाशी पोहोचायचे, असा हिशेब मी केला होता. म्हापशात भाजीपाव खाण्यासाठी वीस मिनिटे थांबलो, ती जवळजवळ महागात पडली. फोन, पिशव्या आणि छत्र्या बाहेर ठेवाव्या लागल्या. छत्तीस विद्यार्थ्यांच्या आणि दोन शिक्षकांच्या मिळून अडतीस छत्र्या, त्यांतल्या तीसेक काळ्या! परत निघताना आपापली छत्री शोधण्यात जो वेळ गेला, त्यावरून सांगते की पावसाळ्यात जाणार असाल तर दांड्याला नावाची चिठ्ठी आधी चिकटवा.

विधानसभा या संकुलात २००० साली आली. त्याआधी ती पणजीत मांडवीकाठच्या आदिलशाही राजवाड्यात भरत असे. ९ जानेवारी १९६४ रोजी गोवा, दमण व दीवच्या पहिल्या विधानसभेची पहिली बैठक झाली, तेव्हा निवडून आलेले सदस्य ३० होते आणि पां. पु. शिरोडकर हे पहिले सभापती झाले. हे सारे मी बसमध्ये सांगितले होते, पण गॅलरीत बसल्यावर मुलांच्या डोळ्यांत इतिहास नव्हता. ती खुर्च्या मोजत होती. "टीचर, इतके कमी?" असे एकीने कुजबुजत विचारले. चाळीस जणांचे सभागृह टीव्हीवर मोठे दिसते आणि प्रत्यक्षात वर्गाच्या हजेरीपटाएवढे असते. शिवाय काही खुर्च्या रिकाम्या होत्या. राज्यघटनेनुसार विधानसभेची गणपूर्ती, म्हणजे बैठक चालवण्यासाठी लागणारी किमान हजेरी, दहा सदस्य किंवा एकूण सदस्यसंख्येचा दहावा भाग, यांपैकी जी संख्या जास्त असेल ती असते. म्हणजे गोव्यात दहा. वर्गात वाचलेला हा नियम मुलांनी इथे बोटांवर मोजून पडताळून पाहिला.

आम्हाला पाऊण तास मिळाला. त्या पाऊण तासात आवाज चढले ते दोनदा, तेही मिनिट-दीड मिनिट. बाकीचा वेळ कागद चाळणे, परिशिष्टातील आकडा विचारणे, "दोन्ही उत्तरांतले आकडे जुळत नाहीत" असे दाखवणे आणि सभापतींनी पुढचा प्रश्न पुकारणे, यात गेला. बोलणे कोकणीत सुरू होऊन मराठीत वळे आणि आकडे आले की इंग्रजीत संपे. आमच्या घरी जेवणाच्या पानावर चालते तसेच. एका मुलाचे लक्ष मात्र सदस्यांकडे नव्हतेच. अधिकारी बसतात त्या बाजूने मंत्र्यांकडे चिठ्ठ्या जात होत्या आणि चिठ्ठी पोहोचली की उत्तर बदलत होते, हे त्याने टिपले. लोकांनी निवडून दिलेला माणूस बोलतो, पण त्याच्या मागे माहिती पुरवणारी एक यंत्रणा बसलेली असते, यावर मी दोन तास व्याख्यान दिले असते तरी इतके पोहोचले नसते.

परतीच्या प्रवासात एका मुलीने सांगितले की तिच्या आजोबांनी तिला येताना विचारले होते, "पर्वरीक वता? आमच्या वेळार फूल आनी पान आशिल्लें." १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलीनीकरणाचे चिन्ह फूल होते आणि केंद्रशासित संघप्रदेश राहण्याचे दोन पाने. १,७२,१९१ मते विलीनीकरणाच्या विरोधात पडली, १,३८,१७० बाजूने, आणि कौल निष्पक्ष व्हावा म्हणून तेव्हाचे मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांच्या मंत्रिमंडळाने त्याआधीच राजीनामा दिला होता. आमच्या भागात हा विषय आजही हळवा आहे. मराठीवर जीव असलेल्या घरांत त्या दिवसाची आठवण एका सुरात निघत नाही. मी मुलांना एवढेच सुचवले की ज्यांचे आजी-आजोबा मतदार होते, त्यांनी ते कुठल्या केंद्रावर गेले, रांगेत कोण होते, घरात दोन मते होती का, असे विचारून लिहून आणावे. कोणत्या चिन्हावर शिक्का मारला ते विचारू नये, कारण मतदान गुप्त असते. नऊ जणांनी लिहून आणले. त्यातले तीन कागद मी जपून ठेवले आहेत.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात माझ्या "नाव घ्यायचे नाही" या नियमाची परीक्षा झाली. एका विद्यार्थ्याने हात वर करून विचारले, "आमदार एका पक्षातून निवडून येतात आणि दुसऱ्या पक्षात जातात, मग आमच्या मताचे काय होते?" गोव्यात हा प्रश्न पुस्तकातला राहत नाही. जुलै २०१९ मध्ये एका पक्षाचे १५ पैकी १० आमदार आणि सप्टेंबर २०२२ मध्ये ११ पैकी ८ आमदार दुसऱ्या पक्षात गेले, हे मुलांना माझ्याआधी ठाऊक होते. मी त्या दिवशी उत्तर टाळले, घरी येऊन पुन्हा वाचले आणि दुसऱ्या दिवशी कायदा मांडला: १९८५ च्या ५२व्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची आली, २००३ च्या ९१व्या दुरुस्तीने एकतृतीयांशाची फूट मान्य करणारी तरतूद काढून टाकली, विलीनीकरणासाठीची दोनतृतीयांशाची अट तेवढी उरली, त्याच दुरुस्तीने मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या १५ टक्क्यांवर आणली, पण राज्यात ती बारापेक्षा कमी नसावी असेही म्हटले. चाळीसचे १५ टक्के सहा होतात, तरी गोव्यात मुख्यमंत्र्यांसह बारा जण मंत्री होऊ शकतात ते यामुळे. मुलांनी लगेच १५ चे आणि ११ चे दोनतृतीयांश काढले: दहा आणि आठ. वर्गात काही क्षण कोणी बोलले नाही. यावर माझे मत त्यांनी विचारले, तेव्हा मी ते सांगितले नाही, आणि सांगायला हवे होते का, याचा निर्णय मला अजून करता आलेला नाही.

युवा संसदेसाठी संसदीय कार्य मंत्रालयाची राष्ट्रीय युवा संसद योजना आहे. तिचे संकेतस्थळ २६ नोव्हेंबर २०१९ पासून सुरू आहे. सहावी ते बारावीसाठी किशोर सभा आणि महाविद्यालयांसाठी तरुण सभा असे विभाग आहेत. संकेतस्थळावर शाळेची नोंदणी प्राचार्यांच्या पत्रासह करावी लागते, आणि बैठकीनंतर अहवाल व छायाचित्रे चढवावी लागतात. पत्राची स्कॅन केलेली प्रत ठरलेल्या आकारापेक्षा मोठी झाल्यामुळे माझी एक संध्याकाळ गेली. इतर काही अडले नाही.

भूमिका चिठ्ठ्या टाकून वाटल्या, कारण ऐच्छिक ठेवले असते तर सत्ताधारी बाकांवर कोणीच बसले नसते. सगळ्यांना विरोधक व्हायचे होते. एक सभापती, एक महासचिव, दोन मार्शल, आणि उरलेल्या बत्तीस सदस्यांत अठरा सत्ताधारी व चौदा विरोधी असे झाले. सभापतिपदाची चिठ्ठी वर्गातल्या सर्वांत अबोल मुलीला आली आणि ती रडवेली होऊन माझ्याकडे बदलून मागायला आली. मी बदलली नाही. रात्री मात्र झोप नीट लागली नाही. पहिल्या तालमीत विरोधक पाचव्या मिनिटाला हौद्यात, म्हणजे सभापतींसमोरच्या मोकळ्या जागेत, उतरले, घोषणा दिल्या, आणि तिथे पोहोचल्यावर पुढे काय करायचे हे कोणालाच सुचेना. पाच मिनिटे तशीच उभी राहून सारी जागेवर परतली. दुसऱ्या तालमीत प्रत्येकाने आपापले पुरवणी प्रश्न लिहून आणले होते. मध्ये चवथीची, म्हणजे गणेश चतुर्थीची, सुट्टी आली, गणपतीवरच्या माटोळीच्या सजावटीच्या गडबडीत सगळे विसरले, म्हणून बैठक २१ सप्टेंबरवरून २८ला ढकलली. सप्टेंबरमध्ये असे काही ठरवताना चवथीनंतर किमान दोन आठवडे मोकळे ठेवावेत.

ध्वनिक्षेपकाचे भाडे बाराशे आणि झेरॉक्सचे सहाशे वीस रुपये, एवढाच खर्च आला. शपथविधी, प्रश्नोत्तरे, सभागृहापुढे कागदपत्रे ठेवणे, लक्षवेधी सूचना आणि शेवटी शालेय परिसरात एकदाच वापरायच्या प्लास्टिकवर बंदी घालणारे विधेयक, असा सुमारे तासाभराचा क्रम होता. आवाजी मतदानात काही कळेना, म्हणून विरोधकांनी मतविभागणी मागितली. इथे जे घडले ते तालमीत नव्हते. सत्ताधारी बाकांवरील दोघे, ज्यांच्या घरची दुकाने शाळेच्या रस्त्यावर आहेत, विधेयकाविरुद्ध गेले आणि मते १६-१६ झाली. आम्ही पक्षादेश (व्हिप) काढायला विसरलो होतो! सगळे त्या अबोल मुलीकडे पाहू लागले. मते समसमान झाली की सभापतींना निर्णायक मत द्यावे लागते, हे तिला माहीत होते. तिने चष्मा पुसला, नियमाचा कागद वाचला आणि म्हणाली, "दुकानदारांचे म्हणणे कोणी ऐकलेले दिसत नाही. सभापतींचे मत विरोधात. विधेयक नामंजूर." मंत्री झालेला मुलगा आठवडाभर तिच्याशी बोलत नव्हता.

बारावीतल्या ज्यांना सतरा पूर्ण झाली होती, त्यांचे मतदार नोंदणीचे नमुना ६ चे अर्ज त्याच आठवड्यात भरून घेतले. अठरा पूर्ण होण्याआधी आगाऊ अर्ज करता येतो आणि १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै व १ ऑक्टोबर अशा चार अर्हता तारखा (त्या दिवशी अठरा पूर्ण असावी लागतात) आहेत, हे बहुतेक पालकांनाही नवे होते. अर्ज मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे किंवा ऑनलाइन देता येतो.

गोव्यात ग्रामसभेच्या सर्वसाधारण बैठका जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरातील रविवारी होतात. २० ऑक्टोबरच्या आमच्या ग्रामसभेला मी पाच मुलांना घेऊन गेले. ग्रामसभेचे सदस्य गावचे मतदार असतात, म्हणून मुलांना बोलता येणार नव्हते. सरपंचांना आधी भेटून मागे बसण्याची परवानगी घेतली होती. पहिला तासभर एका बांधकाम परवान्यावरून असा काही गदारोळ झाला की पर्वरीचे सभागृह त्यापुढे वाचनालय वाटावे. मुले माझ्याकडे पाहत होती आणि मी खिडकीबाहेर.

मग बसथांब्याच्या मुलाची आई उठली. मुलाने लिहिलेला कागद तिच्या हातात होता. विधिमंडळासाठीची भाषा त्याने पंचायतीला जुळवून घेतली होती. आयुष्यात पहिल्यांदाच ग्रामसभेत बोलत असल्याने तिचा आवाज कापत होता, पण चारही उपप्रश्न तिने वाचले. "होय, बघूया," असे उत्तर आले. ती बसली नाही. तिने विचारले, "तिसऱ्याचे उत्तर मिळाले नाही. प्रस्ताव कोणत्या टप्प्यावर आहे?" सभेत थोडी कुजबुज झाली. सचिवांनी फाइल मागवली, ती मिळाली नाही, आणि शेवटी प्रश्न इतिवृत्तात नोंदवून पुढच्या बैठकीत लेखी उत्तर देण्याचे ठरले. तिने नोंद वाचून दाखवायला सांगितली. सचिवांनी "बसथांबा दुरुस्ती" असे लिहिले होते. मागून मुलगा अर्धवट उठला, आईने त्याला हातानेच खाली बसवले आणि म्हणाली, "दुरुस्ती न्हय. निवारो ना थंय. 'नवीन निवारा' अशें बरयात." सचिवांनी 'दुरुस्ती' हा शब्द खोडला.